उलटं कोरायचं असतं

जस्ताचे पत्रे संपले तेव्हा
लुक्यानने जळक्या शाळेची जमीन उचकटून आणली.
तपकिरी लिनोलियम. त्यावर शाईचे डाग,
बाकांच्या पायांचे खळगे,
आणि एका ठिकाणी कुणीतरी
टाचेने घासून घासून पाडलेलं भोक.
"भूगोलाचा तास असणार," तो म्हणाला,
आणि चांभाराच्या रापीने
त्यात पहिला पाखोम कोरला.

मी खिळे जुळवायचे.
छापखाना म्हणजे एक ट्रक,
वोल्खोवच्या दलदलीत, ओंडक्यांच्या रस्त्यावरून
स्वतःचे आणि आमचे सांधे ढिले करत फिरणारा.
पेटीत 'ओ' हे अक्षर कमी होतं.
ते संपलं की मेजर ख्रापोव
अग्रलेखातली विशेषणं काढायचा.
तेवढाच अग्रलेख सुधारायचा.

जवान पेपर वाचायचे, मग फाडायचे,
चिमूटभर तंबाखू घालून ओढायचे.
अग्रलेख आधी.
पाखोम सगळ्यात शेवटी, कधीकधी नाहीच.
मेजरला हे ठाऊक होतं.
तो काही बोलायचा नाही, विडी त्यालाही लागायची.

पाखोम म्हणजे कान सुपाएवढे
आणि सूप प्यायला चमचा नाही.
दर अंकात हरवलेला.
फावड्याने लापशी खातो,
पांढरं फडकं घेऊन शत्रूच्या खंदकापर्यंत जातो
आणि विचारतो,
तुमच्याकडे एखादा जास्तीचा आहे का?

कान तिखोनचे होते.
सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला, बोलायला मंद.
ट्रकपाशी येऊन टोपी काढून उभा राहायचा:
"काढ. फुकट आहेत."

मग टपालाने चमचे येऊ लागले.
लाकडी. अॅल्युमिनियमचे.
एक, पाडलेल्या विमानाच्या पत्र्यातून ठोकलेला,
दांड्यावर खिळ्याने लिहिलेलं:
पाखोम, हा तरी सांभाळ बाबा.
एक वोलोग्दाहून, कुणाच्या तरी आईचा.
चिठ्ठीत एवढंच:
माझ्या मुलाचा आहे. त्याला आता लागत नाही.
तो चमचा मी टाइपाच्या पेटीत ठेवला,
'ओ'च्या रिकाम्या खणात.

मार्चमध्ये बर्फ मऊ पडलं.
तिखोन गेला त्या वाटेने परत आला नाही.
मेजर म्हणाला,
"पाखोमला काही होणार नाही. हा हुकूम आहे."
लुक्यान तीन दिवस नुसता रापीला धार लावत बसला.
चौथ्या दिवशी ठोकळा आणून दिला.

पाखोम पाठमोरा चाललाय.
ओंडक्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी कान,
आणि आभाळात एक भोक,
तेच, टाचेचं, भूगोलाच्या तासाचं.
खाली एक ओळ.

लिनोलियमवर अक्षरं उलटी कोरायची असतात,
तरच कागदावर सुलटी उमटतात.
दोन वर्षांत त्याची एकदाही चूक झाली नव्हती.
ही ओळ त्याने सरळ कोरली होती.

मुद्रितं तपासणं माझं काम.
मी पाहिलं.
मी शाई लावली.

अंक गेला. खंदकाखंदकांतून जवानांनी
पान उजेडाकडे धरलं,
मागच्या बाजूने, अग्रलेखाच्या आरपार वाचलं:
चमचा सापडला. येतो.

मेजरने दुर्बिणीतून ते पाहिलं असेल नसेल,
पण वर कळवलं की
अग्रलेख हल्ली फार बारकाईने वाचला जातो.
मग मला बोलावलं. "फ्रोस्या, चूक कुणाची?"
"माझी."
"बरं," म्हणाला,
आणि बराच वेळ काडी पेटेना त्याची.

तळ हलवताना चमचे वाटून टाकले,
एकशे एक्केचाळीस.
वोलोग्दाचा परत पाठवला, पत्ता होता.
विमानाचा माझ्याकडे आहे.
हलका आहे, पण चांगला नाही,
लापशी चिकटते त्याला.