मुका वर्ण

पहाटेचे अडीच. जुलैत इथे अंधार असा पडतच नाही,
नुसता राखाडी उतरतो, ओल्या लोकरीसारखा.
खाली धक्क्यावर बोट पोट उघडं टाकून उभी,
आणि प्रवाशांची यादी काही छापून येत नाही.

स्क्रिप्ट मरत नाही. मेली असती तर बरं,
मरताना ओळ क्रमांक तरी सांगून गेली असती.
नुसती बसून आहे.
दारात होग्नी, हातात कॉफीचा मग:
"सर्व्हर बंद करून चालू कर ना, रान्व्हा."
तीनदा केला.

टर्मिनलवर मी दिली तर तीच कमांड
दोन सेकंदांत यादी पुढ्यात टाकते.
सर्व्हरनं दिली की दातखीळ.

गेल्या आठवड्यात चाळीस जणांची निघाली होती.
उद्या ओलाव्हसोका, अख्खं बेट राजधानीला निघालंय:
सहाशे बारा नावं.
त्या आकड्यापाशी मी पहिल्यांदा अडखळले.

चालू प्रोसेस पाहिल्या. आई निजलेली, लेक निजलेली.
लेकीच्या छातीला स्ट्रेस लावला.
एकच वाक्य, तेही अर्ध्यात अडकलेलं:
फॉन्टमध्ये हे अक्षर सापड

अक्षर म्हणजे आमचा एड.
वाकड्या मानेचा, माथ्यावर आडवी काट.
आम्ही तो लिहितो, बोलत नाही.
हेयिन, ऑय्युन, नावाच्या मधोमध असतो
जिभेला न लागता. गूरीच्या नावात तर दोनदा.
बेटाच्या नावातही आहे, म्हणजे दर ओळीत आलाच.

फॉन्टचा पत्ता माझ्या खात्यात होता, सर्व्हरच्या नव्हता.
म्हणून दर एडमागे ती एक तक्रार लिहीत गेली
अशा नळीत, जिच्या पलीकडच्या तोंडाशी कुणी नव्हतं.
चौसष्ट केबीची नळी. तुंबली.
लेक म्हणाली, कुणी उपसा, मग पुढचं लिहिते.
आई म्हणाली, तुझं आटपू दे, मग ऐकते.
दोघींचं कुठे चुकलं ते मला अजून सांगता येत नाही.
माझं चुकलं: ती नळी मीच जोडली होती, सहा वर्षांपूर्वी,
आणि वाचायची राहून गेली.

"तक्रारी शून्यात सोडून दे," होग्नी म्हणाला, "सगळे तेच करतात."
एक ओळीचं काम होतं. बोटं तिथवर गेलीही.
मग बसून वाचल्या. बाराशेच्या वर. सगळ्या सारख्या.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटर खाकरला.

फळीवर सर्वांत पुढे एक्क्याऐंशी वर्षांची गूरी,
चष्मा कपाळावर, तिकीट नाकाशी धरलेलं.
"या खेपेला नाव पुरतं आलंय. मागे दोन चौकटी होत्या."
"तेव्हा बोलायचं नाही का?"
"बोलले की. त्या खिडकीशी. दोनदा."

होग्नी मगात बघत राहिला.