नावात दुरुस्ती

महापालिका, जन्म-मृत्यू विभाग, खिडकी क्रमांक चार.
नवतपाचा सहावा दिवस. कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं,
समोर एक माणूस, अजनीच्या लोकोशेडचा,
नखांत काळं ग्रीस.

बापाचं नाव? शालोम पेझारकर.
आईचं? लेआ.
मुलीचं?
तो म्हणाला, अयाला.

माझा पेन थांबला.
मागच्या टेबलावरून उईकेबाई हसल्या :
"आयला! हे काहाचं नाव जी?"
मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
आणि हसता हसता दाखल्यावर उतरवलं
तेच, जे मला ऐकू आलं होतं.

आठवड्यानं तो परत आला.
भांडला नाही.
काउंटरवरच्या धुळीत बोटानं
उजवीकडून डावीकडे चार अक्षरं काढली.
"हिब्रू आहे. हरणी. रानातली.
आमचे पणजोबा अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे,
शनिवारी बैल सोडून बसायचे,
म्हणून गाव म्हणे शनिवार तेली.
भांडलो मराठीत, मुलं निजवली मराठीत,
नावं तेवढी तिकडची राहिली."

हरणीच काहून?
"ती झाली तेव्हा वॉर्डातले नळ कोरडे होते, साहेब.
हरणीला पाण्याचा वास लांबून येतो म्हणतात.
अन् पहाटे पहिलं तांबडं फुटतं ना,
जुन्या भाषेत त्याला पहाटेची हरणी म्हणतात.
पावणेपाचला रडली ती."

मी फॉर्म उलटा करून पाहिला.
वजनाला रकाना आहे.
धर्माला आहे, त्यात 'इतर'.
सुईण की डॉक्टर, त्यालाही आहे.
अर्थाला नाही.

दुरुस्तीला शपथपत्र लागतं, स्टॅम्पपेपर,
दोन साक्षीदार, ओळखीचे.
त्याचा ओळखीचा एक होता, त्याची बदली इटारसीला.
तो नुसता उभा राहिला,
पंखा वरून गरम हवा ढकलत होता.

तेव्हा उईकेबाई खुर्ची सरकवून उठल्या.
"आमच्याकडे, पारशिवनीच्या रानात," म्हणाल्या,
"हरणी पाण्यावर आली की कोणी बोलत नाही.
लहान पोट्टंही नाही."
पहिली सही त्यांची.
दुसरी शेडमधल्या फिटरची, दुसऱ्या दिवशी,
तेलकट अंगठ्याच्या डागासकट.

मी नवीन ओळ लिहिली, सावकाश :
अ. या. ला.
इतक्या वर्षांत
एवढं हळू कुठलंच नाव लिहिलं नसेल.

शिक्का मारताना हात जरा उचललाच,
अक्षरावर पडू नये म्हणून.

परवा फिरायला महाराजबागेत गेलो,
उजाडायच्या आधी.
जाळीपलीकडे चितळं उभी होती, ओल्या गवताशी.
आजूबाजूला कोणी नाही असं बघून
म्हणून पाहिलं एकदा, हलक्या आवाजात.

एकीचे कान वळले.
बाकीच्या चरत राहिल्या.