जर्दाळूचं ठिगळ

गेंटमध्ये, सायकलदुरुस्तीच्या दुकानावर
तीन खोल्यांत आमचं प्रतिष्ठान.
जिन्यात वंगणाचा वास, वर राळेचा.
मी गोदलीव्ह. एकवीस वर्षं नोंदवही सांभाळते:
कुठलं वाद्य, कुणाच्या हाती, कधीपर्यंत.
मला स्वतःला एक सूर धड लावता येत नाही.
नोकरीच्या मुलाखतीत ते विचारलंच नव्हतं कुणी.

सात नंबरचा चेलो.
डाव्या खांद्यावरचं रोगण उडालेलं,
तिथे आजवर चौदा जणांची छाती टेकली.
पंधरावी नाझेली. ग्युम्रीहून आली,
तीन विमानं बदलून, एकाच हातमोज्यानिशी.
ऑडिशनला बसली, खुर्ची तीनदा सरकवली.
परीक्षकांतल्या एकानं घड्याळ पाहिलं.
मग तासभर कुणीच पाहिलं नाही.

कलम चार: वाद्य तिसाव्या वाढदिवसापर्यंत.
कलम सहा: वर्षातून एक महिना
आपल्या गावी, किंवा दुसऱ्याच्या, शिकवायचं.
कलम नऊ: इजा झाल्यास तात्काळ कळवावे.
तिनं सही केली, तिच्या लिपीत,
उलट्या टाक्यांच्या शिवणीसारखी.

बारा वर्षं कार्डं येत राहिली.
ओस्लो, लिस्बन, कुठलंसं बंदर,
मागे दोन ओळी: तार बदलली. मी बरी आहे.
मी ती वहीत डकवत गेले,
नियमात नव्हतं तरी.

परवा ती आली. तिशी पूर्ण, वाढदिवस कालच.
पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं नाही.
म्हणाली, कलम नऊ मोडलंय मी.
पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी, शाळेत शेगडी,
बाहेर उणे बावीस, हवा पापडासारखी कोरडी.
मुलांना स्वर दाखवत होते
आणि चेलो मधूनच बोलला: टक्.
एक बारीक चीर, वीतभर.

गावात वाद्य बनवणारा एकच, हाकोब,
दुडुक करतो. चेलो त्यानं जन्मात उघडला नव्हता.
दोन रात्री नुसता बघत बसला.
मग आतून चार चकत्या लावल्या,
जर्दाळूच्या लाकडाच्या. दुसरं लाकूड नव्हतंच.

आमचा कारागीर योरिस आरसा आत सोडून पाहतो,
जीभ टाळ्याला लावून चक् चक् करतो.
वरचा पत्रा देवदाराचा, त्याला जर्दाळू?
काढून टाकू, म्हणतो, नीट करू.
मग वाजवून बघतो. आणि पुन्हा वाजवतो.
आरसा खिशात टाकतो, काहीच म्हणत नाही.

वहीत दोनच रकाने: वाद्य देताना, वाद्य घेताना.
आणि त्यांच्यामध्ये, लाल शाईत, नुकसान.
तिथे लिहू का:
चार चकत्या, परदेशी लाकूड,
आवाज किंचित सावळा झाला?
संचालकांना बेरीज लागते, विमावाल्यांना वजाबाकी.
पेन हातात धरून मी बसून राहिले,
खाली कुणीतरी चाकाची हवा तपासत होतं.
शेवटी तारीख लिहिली, पुढे हाकोबचं नाव.
रकाना रिकामाच.

नाझेलीनं जाताना चेलोवर हात ठेवला नाही.
जिन्यात मात्र थांबली,
नको इतका वेळ.

आता तो वानेसकडे. झेलझाटेचा, बाप गोदीत क्रेन चालवतो.
पहिल्याच आठवड्यात आला, कपाळाला आठ्या:
जाड तार जरा उशिरा बोलते, नेहमीच असं का?
हो, म्हटलं. ती लांबून येते.
त्यानं मान हलवली, जणू कळलंच.

कलम सहाचा महिना त्यानं मागितलाय,
जानेवारीच, ग्युम्रीतच. नकाशावर बोट नाचवत विचारतो,
तिथे थंडी फार असते का?

हातमोजे दोन्ही ने, म्हटलं.
आणि शेगडीपासून जरा दूर बस.