एकेचाळिसाव्या मीटरवर

पराते काका वायरकडे बघतसुद्धा नाहीत.
साल सोलली की आठही तारा
त्यांच्या बोटांत आपसूक रांगेला लागतात:
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी...
मी अजून पुटपुटत असतो
तोवर त्यांनी क्लिप दाबलेली असते.
गोळीबार चौकात त्यांच्या घरी माग होता.
विकला तेव्हा किती आले, मी विचारलं एकदा.
"चहा पी," म्हणाले.

उद्या अशोक विजयादशमी.
दीक्षाभूमीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला
आमच्या चार गाड्या:
दातांची, डोळ्यांची, रक्ताची,
आणि छातीचे फोटो काढणारा एक ट्रेलर.
चौघीही एका तंबूला बांधलेल्या
काळ्या वायरने, गुरं दावणीला बांधावीत तशा.
एक वायर कडुनिंबाच्या फांदीवरून,
एक नालीच्या काठाने,
आणि ट्रेलरची, रस्ता ओलांडून,
पिवळ्या-काळ्या रबरी उंबरठ्याखालून.
शंभर मीटरच्या पुढे ही वायर बोलत नाही.
मी मोजून ओढली होती. चौऱ्याण्णव.

रात्री पावणेदोनला ट्रेलर मुका झाला.
संध्याकाळी पाण्याचा टँकर गेला होता वरून,
तेव्हापासूनच कण्हत असणार.
तपासायचं यंत्र लावलं. म्हणालं, एकेचाळीस.

टॉर्च जमिनीकडे धरून
मी पावलं मोजत निघालो.
रस्ता बंद केल्यावर माणसं तिथेच आडवी झाली होती.
पाऊल टाकण्याआधी
अंधाराला विचारावं लागत होतं.
उशाला चपला, पिशव्यांवर
परतूरच्या, गंगाखेडच्या कापड दुकानांची नावं,
नव्या पुस्तकांचा गठ्ठा पोटाशी धरून
झोपलेली एक मुलगी, सुतळी मनगटाला गुंडाळलेली.
अडतीस. एकोणचाळीस.

एकेचाळिसाव्या मीटरवर एक मान होती.

पन्नाशीचा माणूस. उंबरठ्याला उशी समजून
पिवळ्या पट्ट्यावर गाल टेकलेला.
त्याच्या दंडावर बायकोचा हात,
त्या हातावर लेकराचा पाय.
एक धागा ओढला तर सगळं उसवेल अशी झोप.

मी वाकलो. "भाऊ" ओठापर्यंत आणलं.
"काहून उठवतं बे त्याले?" मागून काका.
"वायर त्याच्या खाली आहे."
"वायर आपली हाय. झोप त्याची हाय."

मग दुसरी ओढली, वळसा घालून,
झाडामागून, पुस्तकांच्या ट्रकच्या चाकांमधून.
मोजली.
एकशे तीन.

मडावी ड्रायव्हरला मात्र उठवता आलं.
त्याने आधी गोंडीत शिव्या दिल्या, मग मराठीत,
म्हणजे मला समजाव्यात म्हणून.
ट्रेलरचे चारही पाय जमिनीवर रोवलेले,
ते एकेक करून हाताने फिरवत वर घेतले.
इंजिन लावलं असतं तर सगळा रस्ता जागा झाला असता,
म्हणून ढकलायचं ठरलं.
रक्ताच्या गाडीतली दोन पोरं, ड्युटीवरचा पोलीस,
किटली खाली ठेवून आलेला चहावाला,
दर हातभर अंतराला चाकामागे वीट,
आणि कुणीच "जोर लगाके" म्हणायचं नाही.
पाच मीटरला पाऊण तास लागला.
अठ्ठ्याण्णव.
हिरवा दिवा लागला तेव्हा
मडावी पुन्हा झोपलेला होता.

सकाळी साहेब नकाशा घेऊन उभे.
"ट्रेलर इथे कसा? कागदावर तर तिथे आहे."
"उतार होता, साहेब," काका म्हणाले.
उतार नव्हता.
तो माणूस नळावर तोंड धूत होता,
गालावर रबराच्या चार सरळ खाचा,
पाण्याने जात नव्हत्या.
आमच्याकडे त्याने बघितलंही नाही.
का बघावं?

दोन दिवसांनी सगळं गुंडाळताना
जुनी वायर मोकळी झाली.
एकेचाळीसवर चपटी, चिमटीत धरता येईल एवढीच.
काकांनी तेवढा मीटरभर तुकडा कापून टाकला,
उरलेल्या टोकांना न बघता क्लिपा लावल्या,
आणि वेटोळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या:
चाळीसची एक, बावन्नची एक.
कामाला येतील.