खण

दुकानात खण म्हणजे चोळीचा.
साडी जात नसेल तेव्हाच तो वर फुकट टाकायचा,
हा शेठचा नियम.
घरात खण म्हणजे कपाटाचा.
तीन आहेत, उघडतात दोन.
तिसरा, खालचा, त्या पुरात फुगला.
शुक्रवार पेठेत आठवडाभर पाणी होतं,
तेव्हापासून ओढला की जागीच अडतो
आणि फटीतून चार बोटं जातात फक्त.

वरच्यात वैजूचं सगळं.
मधल्यात माझं होतं.
आता मधल्यात आमची सव्वा महिन्याची बाई.

सतरा वर्षं घड्या घालतोय मी महाद्वार रोडला.
हिदायतभाईंनी शिकवलं:
काठावर काठ, पदर वर, हात फिरव,
दाबू नकोस, कापड रुसतं.
नऊवारी असो, सहावारी असो,
डोळे मिटून कोपरापासून मनगटापर्यंत बसवतो मी.
शंभर रचल्या तरी थप्पी ओळंब्यात.

आणि हे झबलं.
तळहातावर ठेवलं तर बोटं उरतात.
काठ नाही, पदर नाही,
बाह्या म्हणजे कापडाच्या दोन चुका.
घडी घालून हात काढला की
सुटतं ते, सावकाश,
मी कोण लागतो त्याचा?

लंगोट अठरा. टोपडी पाच.
पायमोजे सात, म्हणजे साडेतीन जोड.
वैजूच्या पतपेढीतून आलेले फ्रॉक, टाचण्यांसकट,
वर्षभरानं होतील असे,
आणि सगळ्यांत जास्त जागा त्यांनाच लागते.
बाकी झबली गडहिंग्लजच्या मेव्हणीची,
तिच्या दोन पोरांनी घालून घालून साय केलेली,
गळ्याशी निळ्या दोऱ्याची फुली.
परत द्यायची आहेत.

पहिल्यांदा दुकानासारखंच लावलं.
थप्प्या. रंगावर रंग.
उघडून बघत बसलो दोनदा.
रात्री अडीचला वैजू, खांद्यावर पोर,
दिवा लावायची सोय नाही,
एका हातानं खालचं एक ओढलं
आणि सगळी थप्पी जमिनीवर.
पोर निजल्यावर म्हणाली,
“तुझ्या घड्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या.
मला अंधारात काढायच्यात की रे.”

सोमवारी दुकान बंद.
खण मांडीवर घेऊन बसलो.
आधी बाह्या आत, मग तीन दुमडी,
मग खालून गुंडाळत वर,
आणि सगळं उभं, विड्याच्या तबकातल्यासारखं.
डावीकडे लंगोट, मधे झबली,
टोपडी कोपऱ्यात एकात एक घालून,
मोजे बारशाच्या पेढ्यांच्या खोक्यात.
मीटरपट्टी लावली.
एक वीत उरली!
माझे दोन शर्ट मावले असते.
वैजू म्हणाली, “ऱ्हाऊ दे मोकळी. ती वाढतीया.”

त्या रात्री झोपेत ऐकला
खण सरकल्याचा आवाज, एवढासा,
आणि लगेच मिटल्याचा.
दिवा नाही. काही पडलं नाही.
सतरा वर्षांत शेठनं कधी शाबासकी दिली असेल,
तर आठवत नाही.

मंगळवारी कागलची मंडळी, लग्नाचा बस्ता.
बावीस साड्या उलगडून एक घेतली.
मी आवरत होतो. मधेच हिदायतभाई थांबले.
काउंटरवर एक पैठणी
गुंडाळून उभी करून ठेवली होती मी.
ते काही बोलले नाहीत.
उलगडली, काठावर काठ ठेवला, हात फिरवला,
मग विचारलं, “झोप होते का रे, घरी?”

परवा एक झबलं पोटावर येईना.
खांद्यात ओढलं, बगलेत अडलं, ती ओरडली.
धुऊन वाळवलं. बाह्या आत, तीन दुमडी, गुंडाळलं.
मग खालच्या खणापाशी उकिडवा बसलो,
आहे त्या फटीतून आत सारलं.
बरोबर गेलं.
चार बोटांनी आता ते निघायचं नाही.
निळ्या फुलीचं होतं.
गडहिंग्लजला सांगू,
एक सापडत नाही म्हणून.