शेरा

कार्यशाळेत एक कागद मिळाला होता.
'नुसतं गुड लिहू नका,
विशेषणाच्या पुढ्यात एक क्रियाविशेषण उभं करा.'
खाली नमुने:
स्ट्रायकिंगली ओरिजिनल, ब्युटिफुली क्लिअर,
रिफ्रेशिंगली ऑनेस्ट,
लग्नाच्या हॉलबाहेर गुलाबपाणी शिंपडायला
ओळीनं उभ्या केलेल्या मुलींसारख्या जोड्या.

कोपरखैरणे. रात्रशाळा. पावणेदहा.
वह्या उडू नयेत म्हणून वर डस्टर.
बाजीराव ढेबे, वय सेहेचाळीस,
कांदा-बटाटा मार्केटात माथाडी,
यंदा दहावीला बसलेत.
निबंध: माय वर्क. अकरा ओळी,
स्पेलिंगच्या चुका सात,
आणि मधेच, काही विशेष न घडल्यासारखं:

द सॅक इज नॉट हेवी.
द लास्ट सॅक इज हेवी.

लाल पेन उघडंच राहिलं हातात.

कागद काढला. स्ट्रायकिंगली?
पण इथे काही आदळत नाही,
गोणी त्यांनी हळूच टेकवली आहे.
रिफ्रेशिंगली हे सरबताला ठीक.

आपल्याकडे बरं असतं.
काळा पुढे, कुट्ट त्याच्या मागून,
पिवळ्याच्या पाठीशी धमक.
कुट्ट तर दुसऱ्या कुणाच्या घरी
पाणीसुद्धा पीत नाही.
आणि ही ब्युटिफुली,
आज क्लिअरच्या पुढे, उद्या रॅप्ड गिफ्टच्या,
परवा कुणाच्याही.
मला त्या दोन वाक्यांसाठी
इंग्रजीतला एक कुट्ट हवा होता.

शेवटी लिहिलं: पेनफुली एक्झॅक्ट.
खरं सांगते, जरा ऐटीतच लिहिलं.
सहीसुद्धा नेहमीपेक्षा मोठी आली.

दुसऱ्या दिवशी ढेबे टेबलाशी,
वही उघडी, जाड बोट शब्दाखाली.
'मॅडम, पेन म्हंजे दुखणं ना?
कुठं दुखतंय तेवढं दाखवा,
दुरुस्त करून आणतो.'

नका करू दुरुस्त, म्हटलं.
'मग काय करू?'

हे त्या कागदावर नव्हतं.
मी फळा पुसायला वळले,
आधीच पुसलेला.

सुटल्यावर वह्या गोळा करताना
त्यांचं पान आपसूक उघडलं.
माझ्या शेऱ्याखाली पेन्सिलीनं,
शब्दार्थ लिहितात तसे, दोन शब्द उतरवलेले:

पेनफुली: मानेखाली, डाव्या अंगाला.
एक्झॅक्ट: बरोबर तिथंच.