चूक बटणांची नसते

बुधवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि एका पायाचे बूट यांच्यामधे
तो दिसला. पिवळट पडलेला,
सोबत दोन जॉयस्टिक, एकीची वायर उंदरानं चाखलेली.
"चालू आहे का?"
"चालू असता तर इथं आला असता का," विकणारा म्हणाला
आणि साडेचारशे घेतले.

तपकीर गल्लीत एका पोरानं
मान वर न करता दोन डाग दिले.
नव्या टीव्हीवर चित्र उशिरा पोचतं म्हणे,
म्हणून सासऱ्यांच्या माळ्यावरून डबा टीव्ही उतरवला.
बायको म्हणाली, आधी पाठीचा पट्टा लाव.

चॅनल तीन. कॅसेटच्या तोंडात फुंकर.
आणि ती ट्यून, डासासारखी बारीक,
जिच्यासाठी मी गणिताचा क्लास बुडवायचो.

धनकवडीत, गिरणीच्या मागच्या खोलीत,
तासाला चार रुपये.
कुंजीरकाका पिठाच्या हातांनीच सुट्टे परत करायचे,
बटणांच्या फटीत बाजरी असायची.
गिरणीचा पट्टा फिरू लागला की पडदा आक्रसायचा,
आमचा हिरो बुटका व्हायचा,
आणि कुणाच्या तरी दळणाला शिव्या देत
आम्ही बुटके बुटकेच लढायचो.
भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं:
हरल्यावर बटणे आपटू नयेत.
चूक बटणांची नसते.
– हुकुमावरून.

आम्ही ते मानलं.
तसंही त्या वयात चूक आपलीच असायची,
सांडलेल्या दुधापासून सहामाहीपर्यंत.

तिसऱ्या टप्प्यात एक खड्डा होता.
त्यात सगळेच पडायचे.
मुकुल आढाव नेहमी पडायचा.
आठवड्यातून एकदा यायचा, घामेजल्या मुठीत चार रुपये,
आणि ते चारही त्या खड्ड्यात.
आम्ही त्याचं नाव ठेवलं: खड्डे.
खड्डे आला. खड्डे, उडी मार. खड्डे, घरी जा.
दहावीच्या निरोप समारंभात सरांनीसुद्धा
चुकून तेच पुकारलं, आणि हॉल हसला.
तोही हसला, जरा उशिरा.

"आम्ही" उगाच लिहिलं.
नाव मी ठेवलं होतं.

आता रात्रीचे साडेबारा, मी त्रेचाळीस वर्षांचा,
आणि खेळ भिकार आहे.
तीच विटांची भिंत हिरवी, मग निळी, मग परत हिरवी.
मारलेला शत्रू लगेच जागेवर उगवतो,
महापालिकेनं उचललेल्या हातगाडीसारखा.
मजा शोधत मी दोन तास बसलो,
हरवलेली किल्ली शोधतात तसा,
एकाच खिशात पुन्हा पुन्हा हात घालून.

मग खड्डा. पडलो.
अकरा वेळा पडलो.
बाराव्यांदा मोबाईलवर शूटिंग केलं, हळू करून पाहिलं.
मी बटण दाबतो. हिरो विचार करतो.
त्याचा पाय उचलायच्या आधीच जमीन संपते,
कारण जमीन जिथवर रंगवली आहे तिथवर नाहीच.
बोटभर अलीकडे संपते.
दूर कुठेतरी कुणीतरी
घरी जायच्या घाईत मोजायला चुकलं असेल.

चूक बटणांचीच होती, काका.
बटणांची आणि जमिनीची.

शाळेच्या ग्रुपवर मुकुलचा नंबर आहे,
तिथे तो कधी बोलत नाही.
व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं:
बघ. तुझी चूक नव्हती.
टीव्ही बंद करायचा राहिला.
रात्रभर हिरो खड्ड्याच्या अलीकडे
दोन पायांवर तसाच डुलत असणार.

सकाळी उत्तर होतं:
"कुठला गेम रे?
मला फक्त नाव आठवतं."

मी लिहू लागलो, खोडलं, परत लिहू लागलो.
गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.
मी काहीतरी टाइप करतोय, एवढं
पलीकडे त्याला दिसत असणार.